पनवतीची खुर्ची

"तो माणूस या खोलीत बसणार असेल, तर टीव्हीची वायर मी दातांनी तोडीन!"

अण्णांचे दात त्या वेळी बाथरूममधल्या पेल्यात होते, त्यामुळे धमकीत म्हणावा तसा दम नव्हता. तरी कुणी हसलं नाही. मॅचच्या दिवशी अण्णांना हसणं म्हणजे ऑपरेशन चालू असताना डॉक्टरला गुदगुल्या करणं.

"तो माणूस म्हणजे माझे बाबा आहेत," नात म्हणाली. "आणि तुमचे जावई. इतकी वर्षं झाली, आता तरी सवय करून घ्या."

"सवय झालीय म्हणूनच बोंबलतोय!"

आणि तो माणूस दारात उभा होता. ढोपरावर ग्रीस, खांद्याला पान्ह्यांची पिशवी. कापडदुकानाची लिफ्ट सकाळपासून दोन मजल्यांच्या मधे रुसून बसली होती, तिची समजूत काढून तो आत्ता येत होता. चप्पल काढावी की नाही, हे त्याला कळेना. मॅचच्या दिवशी तो सासरी चप्पल काढतच नसे. बायकोला आणि पोरीला सोडायचं, चहा उभ्याने घ्यायचा, घड्याळाकडे बघून "एक लिफ्ट अडकलीय" म्हणायचं आणि जिना उतरायचा. सगळ्या लिफ्टा नेमक्या मॅचच्या वेळीच कशा अडकतात, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांना सोयीचं होतं.

पोरीने मात्र आज ठरवूनच टाकलं होतं. दहावीचा नाद सोडून ती सायकलच्या दुकानात लागल्यापासून तिची जीभ आणि मनगट, दोन्ही तयार झाली होती. तिने बापाच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली आणि सोफ्यामागे टाकली.

"आज शेवटची मॅच आहे," ती म्हणाली. "यानंतर टीमच नाही. आज तरी बाबा बसणार. उभ्याने चहा नाही, लिफ्ट नाही, काही नाही."

शेवटची मॅच होती हे खरंच. काच कारखान्याची टीम, जिला अख्खं गाव भट्टी म्हणायचं, आणि रेल्वेच्या वर्कशॉपची टीम, म्हणजे यार्ड. गेली साठेक वर्षं या दोघांनी एकमेकांची नडगी फोडण्यापलीकडे फारसं काही केलं नव्हतं. आता कुणा शहाण्याने दोन्ही टीम एकत्र करायचं ठरवलं होतं. नाव नवीन, मैदान नवीन. भट्टीचा लाल आणि यार्डचा निळा मिसळून जर्सी जांभळी. जांभळी! ती बातमी ऐकून अण्णा दोन दिवस जेवले नव्हते. तिसऱ्या दिवशी जेवले, पण मीठ न मागता, यावरून घराने दुःखाची खोली ओळखली.

"जाताना जिंकून जायचंय," अण्णा म्हणाले. "एवढंच. मग जांभळे होऊ दे नाहीतर पोपटी. पण आज यार्डकडून हरलो, तर मी वर जाऊन कुलूपला तोंड काय दाखवू?"

कुलूप म्हणजे भट्टीचा जुना गोलकीपर. अण्णा कारखान्यात कामाला होते तेव्हाचा. भट्टीवर रात्रपाळी करून यायचा, हाताला भाजल्याचे फोड, त्यावर फडकी गुंडाळायचा आणि गोलमध्ये उभा राहायचा. "त्याच्या हातात बॉल आला की बॉललाच चटका बसायचा," असं अण्णा सांगायचे. आणि शिट्टी नावाचा एक विंगर होता. त्याने त्या गाजलेल्या फायनलला शेवटच्या मिनिटाला गोल मारला. जावयाने ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा तो गोल पेनल्टी बॉक्सच्या बाहेरून मारला होता. पोरगी जन्मली तोवर शिट्टी मैदानाच्या मध्यावर गेला होता. हल्ली तो स्वतःच्या हाफमधून मारायचा. अण्णांना आयुष्य मिळो, अजून पाच वर्षांत तो गोल रेल्वेच्या पुलावरून बसला असता.

"आत्ताची पोरं!" अण्णांचं सुरू झालं. "केसाला जेल लावून येतात. पडली की आधी केस तपासतात, मग पाय. आमचा शिट्टी एकदा दात पडला म्हणून थांबला, तो पण शोधायला नाही, थुंकायला!"

"अण्णा, दात लावा आधी," सासूबाई म्हणाल्या. त्या टीव्हीकडे पाठ करून सुईदोऱ्याने बटणं लावत बसल्या होत्या. नवऱ्याला त्याही अण्णाच म्हणायच्या. आणि पाठ करून बसणं ही त्यांची आवड नव्हती, ड्युटी होती.

कारण या घरात मॅच बघायची एक पद्धत होती. भट्टीने शेवटचा कप जिंकला त्या दिवशी जो जिथे आणि जसा होता, तो तिथे आणि तसाच बसायचा. सासूबाई त्या दिवशी रुसून पाठमोऱ्या बसल्या होत्या, तेव्हापासून पाठमोऱ्या. थोरला मेहुणा सोफ्याच्या डाव्या टोकाला, पाय स्टुलावर, कारण तेव्हा त्याच्या पायाला प्लास्टर होतं. प्लास्टर निघून जमाना झाला, स्टूल राहिलं. थोरल्याची बायको तर बिचारी स्वयंपाकघराच्या चौकटीत एका पायात सपात घालून उभी राहायची. दुसरी सपात त्या दिवशी सापडली नव्हती. नंतर सापडली, पण घालायची कुणाची हिंमत?

जावई त्या कपाच्या दिवशी या घरात नव्हताच. त्याचं लग्न पुढच्या वर्षी झालं. त्यामुळे त्याला जागाच नव्हती. भट्टीनेही त्याच्या लग्नानंतर परत कप उचलला नव्हता, हा आणखी एक पुरावा.

पहिला पुरावा अर्थातच ती शिंक. नवा जावई म्हणून मानाने सोफ्याच्या मधोमध बसवलेला. भट्टी एका गोलने पुढे. जावई शिंकला. एकदाच, तेही रुमालात. आणि त्याच क्षणी भट्टीच्या गोलकीपरने हातात आलेला बॉल स्वतःच्या गोलमध्ये ठेवला. निसटला नाही, फेकला नाही. ठेवला. कपाटात इस्त्रीचे कपडे ठेवावेत तसा. त्या गोलकीपरला पुढे गाव चाळणी म्हणायला लागलं, पण या घरात दोष शिंकेवर गेला. पुढच्या मॅचला जावयाने श्वास रोखून धरला, तरी हरले. त्याच्या पुढच्या मॅचला थोरल्याने तो शब्द काढला. थोरला विमा विकायचा, प्रत्येक अपघाताचं कारण त्याला लागतंच.

"भावोजी, राग नका मानू," तो म्हणाला होता. "पण तुम्ही पनवती आहात."

तेव्हापासून लिफ्ट.

"माझं ऐका," आज पुन्हा तोच थोरला स्टुलावर पाय ठेवून म्हणाला. "भांडू नका. यात एक मार्ग आहे. भावोजी इथे बसले की आपण हरतो, बरोबर?"

"बरोबर," अण्णा म्हणाले.

"मग भावोजींना तिकडे बसवा!"

"कुठे?"

थोरल्याने बंद पडद्याकडे बोट केलं. पडद्यामागे खिडकी, खिडकीसमोर रस्ता आणि रस्त्यापलीकडे सलून. यार्डवाल्यांचा अड्डा. आरशांना निळ्या फिती, दारावर निळा झेंडा. मॅचच्या दिवशी इकडचा पडदा ओढलेला असायचा, कारण तो निळा रंग डोळ्यांत गेला की अण्णांचं बीपी छताला लागायचं.

"त्यांच्यात नेऊन बसवायचं," थोरला म्हणाला. "मॅच सुरू झाली की भावोजी आत जातील, दाढी करायची म्हणतील, बसतील. रिस्क आपल्याकडून उचलायची आणि त्यांच्या अंगावर टाकायची. साधा हिशोब आहे."

मग अण्णा हळूहळू हसायला लागले. दात नसलेलं ते हसू जावयाने स्वतःकडे बघून उमटलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"जावईबापू!" अण्णा म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या शब्दात टोमणा नव्हता. "अहो, या घरासाठी एवढं कराल?"

"चांगली आयडिया आहे," वहिनी चौकटीतून म्हणाली. दुपारी ती पोरीच्या बाजूने होती. पण जावई गेला तर सपात लवकर सुटेल, असा तिचा अंदाज असावा.

जावयाच्या बायकोलाही हसू फुटलं. "जा ना हो," ती म्हणाली. "एका दगडात... म्हणजे, दाढी तरी होईल. चार दिवसांची वाढलीय."

"आई, तू पण?" पोरगी किंचाळली. "अगं, बाबांना काय झुरळ मारायचं औषध समजता का, यांच्या घरातून काढून त्यांच्या घरात फवारायला?"

जावई बंद पडद्याकडे बघत राहिला. बोलणार काय? तो गेली कितीतरी वर्षं त्याच सलूनमध्ये बसत होता.

पहिल्यांदा घराबाहेर काढला तेव्हा तो समोरच्या फुटपाथवर उभा राहिला होता. नवीन लग्न, नवीन शर्ट, जायचं कुठे ते सुचेना. सलूनवाल्याने हाक मारली, उन्हात काय तापताय, आत या, पंखा आहे. तो आत गेला, तिसऱ्या खुर्चीवर टेकला आणि यार्डने गोल मारला. पुढच्या वेळी पुन्हा टेकला, पुन्हा गोल. तेव्हापासून ती खुर्ची त्याची. तिथे कुणी त्याचं नाव विचारलं नाही, लकी म्हणायला लागले. त्या खुर्चीचा पंप गळायचा, बसलं की माणूस हळूहळू खाली जायचा. याने एकदा हौसेने तो दुरुस्त करून दिला, तर यार्ड तीन मॅच हरलं. सगळ्यांनी हात जोडून त्याला पंप पुन्हा बिघडवायला लावला. वेडे काय फक्त रस्त्याच्या याच बाजूला होते? पण तिकडचे वेडे त्याला बसायला सांगायचे, एवढा फरक होता. मागच्या दाराने जायचा, मागच्या दाराने यायचा. घरी विचारलं तर लिफ्टच्या मशीन रूममध्ये बसलो होतो म्हणायचा.

तरी आज पोरीने पिशवी ओढून घेतली तेव्हा त्याला बरं वाटलं होतं. जायचं नव्हतं त्याला. आज एकदा, शेवटचं, या खोलीतल्या कुणीतरी "बसा" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. आणि इथे सगळे मिळून त्याची समजूत काढत होते की बाबा रे, तिकडे जा.

"मला नाही जायचं," तो म्हणाला.

"बघा!" अण्णा उखडले. "एवढंसं काम सांगितलं तर नाही!"

"भावोजी, तुम्हाला त्यांची भीती वाटते का?" थोरल्याने विचारलं. "अहो, चावत नाहीत ते."

तेवढ्यात बेल वाजली.

दार उघडंच होतं आणि दारात सलूनवाला उभा. निळी जर्सी, वर एप्रन, हातात फेसाने भरलेला ब्रश. रस्त्यापलीकडचा हा माणूस या जिन्यावर आजवर चढला नव्हता. धापा टाकत होता. त्याने खोलीतल्या कुणाकडे बघितलंही नाही.

"अहो लकी! तुम्ही इथे काय करताय? खाली सगळे खोळंबलेत! टीम मैदानात उतरली, तुमची खुर्ची रिकामी! एक माणूस तर रडायला लागलाय!"

ब्रशवरचा फेस टपकन फरशीवर पडला.

"लकी?" थोरला म्हणाला.

"लकी कोण?" अण्णा म्हणाले.

सलूनवाल्याला आता कुठे भान आलं. पण माणूस सरळ होता, खोटं त्याला वेळेवर सुचायचं नाही. "हे काय," तो जावयाकडे ब्रश दाखवत म्हणाला. "आमचे लकी. यांचा पाय दुकानाला लागला आणि आमच्या टीमचं नशीब उघडलं. अण्णा, रस्ता मधे आहे म्हणून कधी बोललो नाही, पण तुमचे उपकार आहेत. एवढा गुणी जावई तुम्ही दर मॅचला आमच्याकडे पाठवता, कोण करतं हल्ली?"

पुढची काही मिनिटं कोण काय बोललं ते देवच जाणे, कारण सगळे एकदम बोलले. थोरल्याचा पाय स्टुलावरून खाली पडला. वहिनीने भान हरपून सपातीतला पायही फरशीवर टेकवला. सासूबाई तेवढ्या पाठमोऱ्याच राहिल्या, पण त्यांची सुई थांबली.

शेवटी बायकोचा आवाज वर आला. आवाज बारीक होता, म्हणून वर आला.

"मला म्हणायचात, मशीन रूममध्ये बसतो. एकटाच बसतो."

"हो," जावई म्हणाला.

"मी डबा द्यायचे. म्हणायचे, बिचारा तेलाच्या वासात बसून खाईल. रडायचे मी, माहितीये? या सगळ्यांच्या नकळत, स्वयंपाकघरात. आणि तुम्ही पंख्याखाली दाढ्या करून घेत होतात?"

"डबा आम्हालाही आवडायचा," सलूनवाला मदत म्हणून बोलला. तिने त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो ब्रशसकट जिन्यात मागे सरकला.

"गद्दार!" अण्णा गरजले. "माझ्या घरात गद्दार! म्हणून हरत होतो! हा तिकडे बसून त्यांना जिंकवत होता!"

"मला काढलं कुणी होतं?" जावयाचाही आवाज आज पहिल्यांदा चढला. "इथे बसलो तर पनवती. बाहेर गेलो तर गद्दार. अण्णा, मी बसायचं कुठे, ते तरी एकदा सांगा!"

प्रश्न वाजवी होता. आणि या घराचं असं होतं की शिवी सोडून देतील, पण मॅचचा प्रश्न सोडणार नाहीत. थोरला लगेच हिशोबाला बसला.

"थांबा, थांबा. इथे बसले तर आपण हरतो. तिकडे बसले तर ते जिंकतात. म्हणजे दोन्हीकडे ठेवून चालणार नाही. गच्चीवर ठेवले तर?"

"गच्ची आपलीच ना, आपल्या डोक्यावर," वहिनी म्हणाली.

"जिन्यात?"

"जिनाही आपल्याच बाजूला."

"लिफ्ट!" थोरल्याने चुटकी वाजवली. "भावोजी, तुम्ही आत बसून आपली लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे थांबवू शकता ना? नव्वद मिनिटं? म्हणजे तुम्ही इकडचे नाही, तिकडचे नाही, कुठलेच नाही!"

आणि अण्णांनी मान डोलावली. खरंच डोलावली! सलूनवाल्यानेही जिन्यातून "हे चालेल, हे न्याय्य आहे" म्हटलं. माणूस जिवंत समोर उभा, आणि हे त्याला दोन मजल्यांच्या मधे टांगायला निघाले होते.

पोरगी तेव्हा फुटली.

"अरे, डोकं बिकं आहे का कुणाला? बाबा इथे असले तरी तुम्ही हरता. बाबा तिकडे असले तरी तुम्हीच हरता. मशीन रूममध्ये आहेत असं समजत होता तेव्हाही हरतच होता! मग सरळ म्हणा ना, आपली टीम भिकार आहे!"

या घरात असं वाक्य कुणी कधी उच्चारलं नव्हतं.

"भिकार?" अण्णा पुटपुटले. "कुलूपची टीम भिकार? शिट्टीची टीम? ज्या माणसाने आपल्या हाफमधून..."

"बॉक्सच्या आतून," सासूबाई म्हणाल्या.

"काय?"

"गोल बॉक्सच्या आतून होता. आणि ऑफसाइड होता." सासूबाई अजूनही भिंतीशी बोलत होत्या. "मी तिथे होते अण्णा. घरात पाठ करून बसते, मैदानात तोंड करून बसले होते. यार्डच्या पोराने हात वर केला, रेफरीला दिसलं नाही. रेफरी भट्टीच्या फोरमनचा साडू होता."

जिन्यातून सलूनवाल्याचा आवाज आला, "माझे वडील हेच सांगत वारले हो!"

अण्णा खुर्चीत खाली खाली गेले, जणू तिचाही पंप गळत होता. जावयाला वाईट वाटलं. वाटायला नको होतं, पण वाटलं. कारण माणूस कितीही खडूस असला तरी त्याच्याकडे दुसरं होतं काय? कुलूपचे भाजलेले हात आणि शिट्टीचा तो एक गोल. तो गोलही आज बायकोने काढून घेतला.

टीव्हीवर रेफरीची शिट्टी वाजली. मॅच सुरू झाली.

"लकी, येताय ना?" सलूनवाला कासावीस झाला.

आणि तेव्हा अण्णांनी हात लांब करून जावयाचं मनगट धरलं. घट्ट. भट्टीतली पकड, अजून शिल्लक होती.

"नाही येणार," अण्णा म्हणाले. "हा इथे बसणार. बसा, जावईबापू."

जावयाने ऐकलं. बसा. इतकी वर्षं ज्या शब्दासाठी थांबला, तो शब्द आला. आला तो प्रेमापोटी नव्हे, आपण तिकडे जाऊ नये म्हणून, हे त्यालाही कळत होतं. पण पोरीने धावत जाऊन आतली खुर्ची आणली, अण्णांच्या शेजारी ठेवली, मोठ्या मानाने फडक्याने पुसलीही. त्याने चप्पल काढली. तो बसला. खुर्ची पक्की होती, खाली गेली नाही.

सलूनवाला जिना उतरताना हमसून हमसून रडत होता की धापा टाकत होता, सांगता येत नाही.

मॅच कशी होती? जशी या दोन टीमची असायची तशीच. बॉल बहुतेक वेळ हवेत किंवा प्रेक्षकांत. भट्टीचा एक खेळाडू स्वतःच्याच खेळाडूला आपटला आणि दोघांनी पेनल्टी मागितली. यार्डच्या लांबड्याने मोकळ्या गोलसमोरून बॉल पार्किंगमध्ये मारला.

"त्याला उजवा पायच नाही," जावई सहज म्हणाला.

"तुम्हाला काय माहीत?" थोरल्याने मान वळवली.

"नाही, दिसतंय ना."

हाफटाइमनंतर चमत्कार झाला. भट्टीच्या जेलवाल्या पोराच्या डोक्याला बॉल लागला. त्याने लावला नाही, बॉलच येऊन लागला. आणि आत गेला. गोल! घर दणाणलं. वहिनीने सपात हवेत उडवली. थोरल्याने बायकोला सोडून स्टुलालाच मिठी मारली. आणि अण्णांनी, ज्यांनी मॅचच्या दिवशी जावयाला कधी पाणी विचारलं नव्हतं, त्यांनी त्याच्या गळ्यात हात टाकला, त्याच्या वाढलेल्या दाढीवर गाल घासला आणि ओरडले, "माझा जावई! कोण म्हणतं पनवती? कोण म्हणालं होतं रे ते?"

"मी नाही," थोरला म्हणाला.

बायकोने राग तसाच ठेवून चहा आणून दिला. पण बसलेल्याला दिला. पोरगी त्याच्या खुर्चीच्या हातावर येऊन टेकली, तिच्या हाताला सायकलच्या चेनचा वास येत होता, त्याच्या ढोपराला लिफ्टच्या ग्रीसचा. "बघितलंत?" ती कानात म्हणाली. भिकार टीम म्हणणारी हीच, आणि आता नखं खात होती.

सगळं मिळालं होतं. खुर्ची, चहा, सासऱ्याचा हात. अण्णांनी तर कुलूपची गोष्ट खास त्याच्यासाठी पुन्हा सुरू केली. शिट्टीचा गोल तेवढा गाळला.

मॅच संपायला थोडाच वेळ राहिला होता. बॉल यार्डच्या लांबड्याकडे आला. उजवीकडे जागा होती, भट्टीचे सगळे उजवीकडे धावले. जावई खुर्चीत पुढे सरकला. तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत होता. डाव्याने, डाव्याने मार. वेड्या, डाव्याने. ही शिकवणी तो सलूनमध्ये तीन मोसम त्या पोराला घेत होता, टीव्हीच्या काचेतून. लांबड्याने बॉल थांबवला, वळवला आणि डाव्या पायाने असा हाणला की जाळी मागे गेली ती पुढे यायलाच तयार नाही.

"गोल!"

जावई उभा होता. दोन्ही हात वर. चहाचा कप फरशीवर. आवाज असा पोटातून आला होता की त्याचा त्यालाच धक्का बसला. त्याच क्षणी रस्त्यापलीकडून तीच आरोळी आली, त्याच सुरात, जणू सलूनमधली एक खुर्ची चुकून या खोलीत येऊन पडली होती.

चहा फरशीवरून स्टुलाखाली वाहत गेला.

अण्णा त्याच्याकडे बघत होते. ओरडले असते तर बरं झालं असतं. ओरडले नाहीत. त्यांचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला होता, जिथे जावयाचा खांदा होता तिथे. थोरल्याने स्टूल जवळ ओढून घेतलं. बायको कपाचे तुकडे वेचायला वाकली, ती वाकलेलीच राहिली.

पोरगी सोफ्यामागे गेली. पिशवी उचलून आणली आणि त्याच्यासमोर धरली. रागाने धरली की कशाने, तिच्या तोंडावरून कळेना. ओठ दाबून धरले होते.

बरोबरी झाली होती. अजून मॅच बाकी होती.

जावयाने पिशवी खांद्याला लावली आणि चपलेत पाय सरकवले.

तेव्हा सासूबाई वळल्या. कपाच्या दिवसापासून मॅच चालू असताना ज्या कधी वळल्या नव्हत्या, त्या सुई हातात धरून पूर्ण वळल्या आणि हळूच, त्याला वाट करून देत म्हणाल्या, "लिफ्ट अडकलीय का, जावईबापू?"

"नाही आई," तो म्हणाला. "कुठलीच लिफ्ट अडकलेली नाही. पण मला आता निघायला हवं."